पगारदार प्रशिक्षकावरचे आरोप

पूर्णवेळ नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी किंवा संध्याकाळी स्वतंत्रपणे प्रशिक्षण देणे हा भारतातील कौशल्यशिक्षणाचा मोठा आणि दुर्लक्षित आधार आहे. पुण्यात डेटाबेस, क्लाउड किंवा सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकवणाऱ्या क्लासेसच्या शनिवार-रविवारच्या बॅचेस घेणारे अनेकजण सोमवार ते शुक्रवार हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यात नोकरी करतात. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात मोजमापाची उपकरणे आणि गुणवत्ता-तपासणी शिकवणारा माणूस स्वतः एखाद्या कारखान्याच्या क्वालिटी विभागात असतो. जीएसटीची विवरणपत्रे भरायला शिकवणारा कुठल्यातरी कंपनीच्या अकाउंट्स खात्यात बसतो. क्लासकडून तासावर किंवा ट्रेनिंग व्हेंडरकडून दिवसावर मानधन मिळते. अभ्यासक्रमाची रूपरेषा आधी पाठवायची, ती मंजूर झाली की पर्चेस ऑर्डर यायची, शिकवून झाल्यावर बिल लावायचे आणि पुढे महिना-दोन महिन्यांनी टीडीएस कापून पैसे खात्यावर यायचे, अशी या व्यवसायाची साधारण रीत आहे.

या माणसाविरुद्ध नोकरदारांच्या जगात एक ठाम मत रुजले आहे. तो पगार एकाचा घेतो आणि डोके दुसऱ्यासाठी झिजवतो. सोमवारी थकलेला येतो. कंपनीत शिकलेले बाहेर विकतो. वरची कमाई लपवतो. थोडक्यात, तो मालकाशी प्रामाणिक नाही, असे हे मत आहे. ते चुकीचे आहे. त्यातून होणारे नुकसान प्रशिक्षकापुरते राहत नाही, ते त्याच्याकडून शिकू पाहणाऱ्यांपर्यंत जाते. म्हणून त्यातला एकेक आरोप तपासून पाहणे गरजेचे आहे.

या मताला धार आली ती २०२२ साली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी आयटी क्षेत्रातील दुहेरी कामाला सरळ फसवणूक म्हटले, आणि सप्टेंबरमध्ये ३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकल्याचे सांगितले. त्याच महिन्यात इन्फोसिसने कर्मचाऱ्यांना ईमेल पाठवून दुहेरी काम खपवून घेतले जाणार नाही, प्रसंगी नोकरी जाईल, अशी ताकीद दिली. ‘मूनलायटिंग’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांतही रुळला, आणि नोकरीबाहेर केलेली कोणतीही कमाई त्या एका शब्दाखाली संशयास्पद ठरू लागली. परंतु त्या ३०० जणांविषयी प्रेमजी यांनी काय सांगितले होते ते विसरून चालणार नाही. ते कर्मचारी थेट प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करत होते. एका आयटी कंपनीच्या पगारावर असताना त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीचे काम करणे आणि रविवारी पंधरा विद्यार्थ्यांना एसक्यूएल शिकवणे, या दोन गोष्टींत समान आहे ते एवढेच की दोन्हींत पैसे दुसरीकडून येतात. पहिल्या कृत्यात मालकाच्या स्पर्धकाला बळ मिळते आणि अनेकदा एकच कामाचा तास दोघांना विकला जातो. दुसऱ्यात यातले काहीही घडत नाही. पहिल्याच्या शिक्षेचा दाखला देऊन दुसऱ्याला दोषी ठरवणे हा तर्क टिकणारा नाही.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या दोन घटना मात्र या वादात क्वचितच आठवल्या जातात. ऑगस्ट २०२२ मध्ये स्विगीने कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेबाहेर, उत्पादकतेवर परिणाम न होऊ देता आणि हितसंबंधांचा संघर्ष नसेल तर बाहेरचे काम करण्याची मुभा देणारे धोरण जाहीर केले. ऑक्टोबरमध्ये खुद्द इन्फोसिसने, वरिष्ठांची पूर्वसंमती घेऊन आणि कंपनीशी किंवा तिच्या ग्राहकांशी स्पर्धा न करणाऱ्या ठिकाणी, छोटी बाहेरची कामे घेता येतील असे कळवले. ताकीद आणि मुभा यांत जेमतेम काही आठवड्यांचे अंतर होते. खरा प्रश्न स्पर्धेचा आणि संमतीचा आहे, दुसऱ्या कमाईचा नाही, हे उद्योगालाही तेव्हाच उमगले होते.

कायद्याचा आधार घेऊन बोलणारे सहसा १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ६० पुढे करतात. त्या कलमाने एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करण्यास बंदी घातली. मात्र ती बंदी मालकाच्या हक्कासाठी आलेली नव्हती. कामाच्या तासांवरची मर्यादा दुसऱ्या कारखान्यात जाऊन निरर्थक होऊ नये आणि थकलेल्या माणसाचा हात यंत्रात जाऊ नये, यासाठी ती होती. त्याच प्रकरणात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. कामगाराच्या जिवासाठी केलेले कलम वातानुकूलित वर्गात शनिवारी चार तास शिकवणाऱ्या अभियंत्याविरुद्ध वापरणे म्हणजे त्याचा हेतूच उलटा करणे होय. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या केंद्रीय नियमांत जो नमुना मसुदा होता, त्याचेही शब्द पाहण्यासारखे आहेत. कामगाराने मालकाच्या हिताविरुद्ध काम करू नये आणि ज्याने मालकाच्या हितावर प्रतिकूल परिणाम होईल अशी दुसरी नोकरी घेऊ नये, असे तो सांगत होता. प्रतिकूल परिणाम ही त्यात अट म्हणून घातलेली होती. ती अट गाळून उरलेले वाक्य कर्मचाऱ्याला ऐकवणे प्रामाणिक नाही.

तरीही प्रशिक्षकांची बाजू मांडणारे जेव्हा ‘ऑफिसबाहेरचा वेळ माझा, त्यात कोणी विचारू नये’ असे म्हणतात, तेव्हा तेही चुकतात. याबाबतचा महत्त्वाचा निवाडा महाराष्ट्रातल्याच एका कारखान्यातून आला. निरंजन शंकर गोलिकरी हे कल्याणजवळच्या सेंच्युरी कंपनीच्या रेयॉन कारखान्यात टायर-कॉर्ड विभागात शिफ्ट सुपरवायझर होते. पाच वर्षांचा करार पुरा होण्याआधीच ते राजस्थानात कोट्याच्या एका रेयॉन कंपनीत गेले. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की नोकरीचा करार चालू असताना दुसरीकडे काम न करण्याचे बंधन हे १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ खाली व्यवसायावरचे अवैध बंधन सहसा ठरत नाही. म्हणजे नेमणूकपत्रावर सही करून ‘बाहेरचे काम करणार नाही’ असे लिहून दिले असेल, तर संध्याकाळही त्या सहीखाली येते. पण त्याच निवाड्यात एक अपवाद सांगितला आहे: करार अन्यायकारक, अतिशय जाचक किंवा एकतर्फी असेल तर हे संरक्षण मिळत नाही. शिवाय गोलिकरींनी परदेशी सहकार्यातून आलेल्या विशिष्ट उत्पादनप्रक्रियेचे प्रशिक्षण घेतले होते आणि ते स्पर्धकाकडे गेले होते. शनिवारी एक्सेलच्या पिव्हट टेबल शिकवणाऱ्याचे प्रकरण त्या जातीचे नाही. म्हणून निष्कर्ष असा निघतो की परवानगी मागणे हे प्रशिक्षकाचे कर्तव्य आहे आणि ती सयुक्तिक कारणाशिवाय न नाकारणे हे मालकाचे. आजच्या बहुतेक नेमणूकपत्रांत यातला पहिला अर्धा भाग तेवढा लिहिलेला असतो.

एकनिष्ठ नसल्याचा आरोप याहून खोल आहे, कारण तो कायद्याचा नसून नीतीचा आहे. त्याचा विचार करताना पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीतला वाद उपयोगी पडतो. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या आजीव सदस्यांनी आपला सगळा वेळ संस्थेला द्यावा, बाहेरची कमाई आणि बाहेरची कामे करू नयेत, असा लोकमान्य टिळकांचा आग्रह होता. इतर सदस्यांना तो मान्य नव्हता. १८९० मध्ये गोपाळ कृष्ण गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले, तेव्हा हा मतभेद टोकाला गेला आणि टिळकांनी राजीनामा दिला. पुढे चरितार्थासाठी त्यांनी कायद्याचे खासगी क्लास चालवले. गोखल्यांनी प्राध्यापकी करता करता लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक शाळांमध्ये दीर्घकाळ चालले. दोघांच्याही प्रामाणिकपणाविषयी कोणाला शंका नाही. टिळकांच्या आग्रहामागे जे होते ते महत्त्वाचे आहे. आजीव सदस्य हे त्या संस्थेचे नोकर नव्हते, तेच तिचे चालक होते. धोरण ते ठरवत, त्यांना कोणी दोन महिन्यांच्या नोटिशीवर काढू शकत नव्हते, आणि तुटपुंजे वेतन त्यांनी ध्येयासाठी आपण होऊन पत्करले होते. दीर्घकाळच्या सेवेची हमी दिली-घेतली जात होती, म्हणून संपूर्ण वेळेची मागणी करण्याला नैतिक आधार होता.

आजच्या कंपनीत तो आधार कुठे आहे? प्रकल्प संपला की कर्मचारी ‘बेंच’वर जातो, बेंचवर काही महिने गेले की त्याला राजीनामा द्यायला सांगितले जाते, ग्राहकाने कंत्राट रद्द केले तर विभागच बंद होतो. नेमणूकपत्रात साठ किंवा नव्वद दिवसांची नोटीस असते, त्यापलीकडे कंपनी कसलेही वचन देत नाही. व्यापारी करार म्हणून ही व्यवस्था समजण्यासारखी आहे. पण करार व्यापारी असेल तर त्यातली निष्ठाही कराराइतकीच असते: ठरलेले तास, ठरलेले काम, गुप्ततेचे पालन, स्पर्धकापासून अंतर. त्याहून अधिक मागायचे तर त्याहून अधिक द्यावे लागते. चाळिशीच्या पुढे नोकरी गेलेल्या माणसाला बाजारात काय भोगावे लागते हे पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाला चांगले ठाऊक आहे. त्या भीतीपोटी त्याने हाताशी दुसरे कौशल्य आणि दुसरी ओळख राखली तर त्यात अप्रामाणिकपणा शोधणे निर्दयपणाचे आहे.

थकव्याचा आरोप तपासायला सोपा आहे, कारण त्याचे माप कामात दिसते. काम वेळेवर होते की नाही, चुका वाढल्या का, रजा नेमक्या प्रशिक्षणाच्या तारखांना पडतात का, हे कोणताही व्यवस्थापक पाहू शकतो, आणि त्यात खोट आढळली तर त्या खोटीसाठी कारवाई करू शकतो. दिवसभराचे प्रशिक्षण म्हणजे सहा-सात तास उभे राहून बोलणे, त्याआधी तयारी, त्यानंतर शंकानिरसन. हे दर शनिवार-रविवारी वर्षभर करणारा माणूस दमणारच, आणि कित्येक प्रशिक्षकांनी हा हिशेब मांडलेला नसतो. आठवड्याचा एक दिवस पूर्ण मोकळा ठेवल्याशिवाय हा व्यवसाय दोन-तीन वर्षांपलीकडे टिकत नाही. आधी नोकरीतले काम घसरते, मग घर. एवढे मान्य करूनही प्रश्न उरतो की थकव्याची काळजी नेमकी कोणाला आहे. जे मालक शनिवारी रात्री परदेशी ग्राहकाच्या कॉलला कर्मचाऱ्याला बसवतात, रिलीजच्या आठवड्यात पहाटेपर्यंत थांबवून घेतात आणि त्याबद्दल वेगळा मोबदला देत नाहीत, त्यांना त्याच कर्मचाऱ्याच्या रविवारच्या चार तासांविषयी आरोग्याचा मुद्दा मांडता येत नाही. विश्रांतीचा आग्रह धरायचा असेल तर तो दोन्हीकडे धरावा.

गुपितांचा आरोप सर्वांत गंभीर आहे आणि प्रशिक्षकांनी त्याला सर्वांत कमी लक्ष दिले आहे. माणूस नोकरीत जे शिकतो त्याचे दोन भाग असतात. एक त्याचे सामान्य कौशल्य: क्वेरी वेगवान कशी करायची, वेल्डिंगमधला दोष कसा ओळखायचा, चिडलेल्या ग्राहकाशी कसे बोलायचे. हे त्याचे स्वतःचे असते, ते घेऊनच तो उद्या दुसरीकडे जाणार असतो, आणि कोणताही मालक त्यावर हक्क सांगू शकत नाही. दुसरा भाग म्हणजे त्या कंपनीची विशिष्ट माहिती: दर, ग्राहकांची नावे, प्रक्रिया, कोड, आराखडे. ती कंपनीची असते आणि वर्गात तिचा उच्चारही होता कामा नये.

या दोन भागांमधली रेघ वर्गात उभे राहिल्यावर पुसट होते, ही या व्यवसायातली खरी अडचण आहे. पुस्तकातून शिकवणाऱ्यापेक्षा काम करणारा प्रशिक्षक लोकांना हवा असतो तो त्याच्या उदाहरणांमुळे. शिकणारे विचारतात, ‘सर, प्रत्यक्षात हे कुठे वापरलंत?’ आणि उत्तर देताना नकळत ग्राहकाचे क्षेत्र, सर्व्हर बंद पडल्याची घटना, चुकलेल्या बॅचचा आकडा बाहेर पडतो. नाव गाळले म्हणून माहिती निनावी होत नाही. एखाद्या क्षेत्रात दोन-तीनच मोठ्या कंपन्या असतील तर समोरच्या वर्गात बसलेल्याला ओळख पटते. सराव म्हणून दिलेल्या डेटात खरे स्तंभ, खरी रचना, कधी तर खऱ्या नोंदीही सापडतात, कारण खोटा डेटा तयार करायला वेळ लागतो आणि खरा लॅपटॉपवर तयार असतो. हे करणाऱ्याला कंपनीने जाब विचारला तर तक्रारीला जागा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ सांगते की नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, मालक असतो. म्हणून कार्यालयातल्या अंतर्गत प्रशिक्षणासाठी बनवलेल्या स्लाइड्स कंपनीचे चिन्ह काढून बाहेर वापरणे ही सरळ चोरी आहे, मग त्या बनवायला रात्री किती जागावे लागले असो. स्वतंत्र व्यवसायाचे साहित्य स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्या वेळात, सार्वजनिक किंवा स्वतः रचलेल्या डेटावर तयार झालेले असावे. ज्याला एवढे कष्ट घ्यायचे नाहीत त्याने या व्यवसायात पडू नये.

मात्र यावरून प्रशिक्षणच बंद करा असे म्हणणाऱ्यांनी परिणामाचा विचार केलेला नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या मुलाला उद्योगात आज काय वापरतात हे सांगू शकणारा माणूस उद्योगातच असतो. जी कंपनी नवख्यांना काहीच येत नाही अशी तक्रार करते, तिनेच आपल्या जाणत्या माणसांना शिकवण्यास मनाई करावी, यात तिचेही हित नाही. लातूर, नांदेड किंवा जळगावहून पुण्यात खोली घेऊन राहणारी मुले ज्या वीकएंड बॅचसाठी पैसे भरतात, तिथे त्यांना हवा असतो तो नोकरीतला माणूस. त्याला हटवले तर त्याच्या जागी उभा राहणारा बहुधा कालच तो कोर्स संपवलेला विद्यार्थी असतो.

काही ठिकाणी पूर्ण बंदी योग्यच आहे, आणि ती का योग्य आहे हे पाहिले की इतरत्र ती का नको हेही कळते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई केली. वर्गातल्या मुलाचे गुण ज्याच्या हातात, त्याच्याच शिकवणीला जाण्यावाचून पालकाला पर्याय राहत नाही. तिथे ग्राहक मोकळा नसतो. सरकारी कर्मचाऱ्याच्या हाती अधिकार असतो, त्यामुळे केंद्राच्या १९६४ च्या आणि महाराष्ट्राच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांनी खासगी व्यवसायाला पूर्वमंजुरीची अट घातली, आणि केंद्राच्या नियमांनी अधूनमधून केलेल्या साहित्यिक, कलाविषयक किंवा वैज्ञानिक कामाला वेगळी मोकळीक दिली. याच न्यायाने खासगी कंपनीतल्या प्रशिक्षकाने आपल्या हाताखालच्यांना, आपल्या कंपनीच्या पुरवठादारांना किंवा ज्यांची बिले तो मंजूर करतो त्यांना पैसे घेऊन शिकवू नये. खरेदी विभागातल्या माणसाने पुरवठादाराकडे ‘कार्यशाळा’ घेणे हे लाच घेण्याच्या फार जवळ जाते. पण ज्या विद्यार्थ्यावर त्याचा कसलाही अधिकार चालत नाही, जो आपण होऊन पैसे मोजून येतो, त्याला शिकवण्यात अशी हरकत उरत नाही.

राहिला लपवलेल्या कमाईचा आरोप. प्रशिक्षणाचे मानधन कंपनीकडून किंवा व्हेंडरकडून येते तेव्हा त्यावर टीडीएस कापलेला असतो आणि तो प्राप्तिकर खात्याच्या नोंदीत पॅनखाली दिसतो. या उत्पन्नामुळे पगारदाराचे साधे विवरणपत्र पुरत नाही, व्यवसायाचे उत्पन्न दाखवणारा अर्ज भरावा लागतो. टीडीएस वजा जाता १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक कर निघत असेल तर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च अशा चार हप्त्यांत आगाऊ कर भरावा लागतो. पगारातून कर कापला जातोच आहे, असे समजून अनेकजण इथे चुकतात आणि व्याज भरतात. महाराष्ट्रात सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली तर जीएसटी नोंदणी लागते. पगार त्या उलाढालीत धरत नाहीत. हे नियम कोणालाही पाळता येण्यासारखे आहेत.

जे खरोखर लपवतात ते बहुधा प्राप्तिकर खात्यापासून लपवत नाहीत, नोकरीतल्या मनुष्यबळ विभागापासून लपवतात. त्यासाठी बिले पत्नीच्या किंवा भावाच्या नावाने काढली जातात, जाहिरातीत प्रशिक्षकाचे नाव नसते, कॅमेरा बंद ठेवून शिकवले जाते. हे धोक्याचे आहे. शिकवणारा एक आणि कर भरणारा दुसरा असे झाले की उत्पन्न मूळ कमावणाऱ्याच्याच नावावर धरले जाऊ शकते, व्हेंडरशी वाद झाला तर करारावर सही नसलेल्याला दाद मागता येत नाही, आणि फी भरणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्याला कोण शिकवते आहे हेही कळत नाही. या लपवाछपवीचा दोष प्रशिक्षकाचा आहेच, पण ती सरसकट बंदीतून जन्मते. विचारले तर नकार ठरलेला आणि न विचारता सापडले तर नोकरी जाणार, अशी स्थिती असली की प्रामाणिक माणूस व्यवसाय सोडतो आणि उरतो तो लपवणारा.

म्हणून कंपन्यांनी नेमणूकपत्रातले एका ओळीचे बंधन बदलायला हवे. कर्मचाऱ्याने विषय, शिकणारे कोण, महिन्याला किती तास आणि पैसे कोण देणार एवढे लेखी कळवावे. कंपनीने ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावे आणि नकार दिला तर कारण लिहावे: स्पर्धा, ग्राहकाशी संबंध, गुप्ततेचा धोका किंवा कामातली दिसून आलेली घसरण. कंपनीचे नाव, ईमेल, लॅपटॉप आणि साहित्य वापरायचे नाही, ही अट उघडपणे असावी. कामाच्या दिवशी प्रशिक्षण घ्यायचे तर हक्काची रजा टाकून घ्यावे, आजारपणाची सबब सांगून नाही. संमती वर्षातून एकदा पुन्हा तपासता येईल. यात मालकाचे कोणतेही न्याय्य हित सुटत नाही.

नोकरी सुटल्यानंतर संमतीचे हे बंधन राहत नाही. पुढची दोन वर्षे या क्षेत्रात प्रशिक्षण देणार नाही, असे कलम काही नेमणूकपत्रांत आढळते आणि नोकरी सोडताना त्याची आठवण करून दिली जाते. कराराची मुदत संपल्यावर व्यवसायावर घातलेले बंधन करार कायद्याच्या कलम २७ खाली शून्य ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये श्रीरामपूरचा वेगवान गोलंदाज झहीर खान आणि त्याची जाहिरातविषयक कामे पाहणारी पर्सेप्ट डी'मार्क कंपनी यांच्यातल्या खटल्यात पुन्हा स्पष्ट केले. गुप्त माहिती न फोडण्याची जबाबदारी तेवढी पुढेही राहते. ती पाळून, आदल्या महिन्यापर्यंत परवानगीने शनिवारी शिकवणारा माणूस नोकरी सोडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तोच विषय आठवडाभर शिकवू शकतो, आणि त्यासाठी त्याला जुन्या मालकाला विचारावे लागत नाही.